ओठ सांधले, वाचेचे काय?

सुमारे 700 जन्मांमागे एक मूल दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन येते, आणि खेड्यातल्या गरीब घरात त्याच्या दुधाची तजवीज होण्यापूर्वीच आईवर आरोप ठेवला जातो की, ग्रहणात तिने विळी हाती धरली. वस्तुतः ओठ व टाळू यांची घडण गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच पुरी होते. तिच्याशी ग्रहणाचा काडीइतकाही संबंध नाही.

अशा मुलांसाठी झालेले धर्मादाय कार्य निःसंशय थोर आहे. अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित अर्धांगवायू व कंठाचा कर्करोग यांनी जर्जर झाले असतानाही वर्षानुवर्षे भारतात येऊन विनामूल्य शस्त्रक्रिया करीत राहिले, आणि भारतीय जैन संघटनेसारख्या संस्थांनी त्यांची शिबिरे भरवली. या ऋणाची जाणीव ठेवूनच पुढचे म्हणणे मांडतो.

ओठ साधारणतः तिसऱ्या महिन्यानंतर सांधला जातो, आणि त्याचे यश छायाचित्रात तत्काळ दिसते. टाळू सामान्यतः 9 ते 18 महिन्यांच्या वयात शिवावी लागते. ते काम कोणाच्या दृष्टीस पडत नाही, पण वाणीची सारी भिस्त त्याच्यावर असते. टाळू उघडी राहिली की दूध नाकावाटे येते, पुढे श्वासही नाकावाटे निसटतो, आणि ‘बाबा’ म्हणू पाहणाऱ्या मुलाच्या तोंडून ‘मामा’ असा उच्चार निघतो. टाळू शिवल्यावरही पुष्कळ मुलांना दीर्घकाळ वाचोपचार लागतो, आणि हिरडीतही फट असेल तर दात बदलण्याच्या वयात तेथे हाड बसवावे लागते. शिबिर उठल्यावर हे कोणी करायचे? मोफत शस्त्रक्रियेलाही एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी लागतेच, आणि मोलमजुरी करणाऱ्या मातापित्यांना दुसरी फेरी बहुधा येथेच अवघड होते.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतील व शाळांतील मुलांच्या तपासणीची तरतूद आहे, आणि दुभंगलेल्या ओठ-टाळूचा तीत स्पष्ट समावेश आहे. तपासणीत सापडलेल्या प्रत्येक मुलाची नोंद त्याची वाणी स्वच्छ होईपर्यंत सरकारी दप्तरात जिवंत राहिली पाहिजे, आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मराठीतून उपचार करणारा वाचोपचारतज्ज्ञ कायम नेमला पाहिजे. दात्यांनीही शस्त्रक्रियेच्या खर्चाबरोबर पुढच्या फेऱ्यांचे भाडे व बुडालेली मजुरी यांचा भार उचलावा. मूल स्वतःचे नाव स्पष्ट सांगू लागेपर्यंत आपले दान पुरे झाले असे त्यांनी मानू नये.