नट मापाने आवळा, मगच गाडी काढा

गेवराई, वडवणी, शिरूर, पाटोदा, धारूर, केज. गावोगावी ऊसतोडीला निघायची तयारी सुरू आहे. मुकादमाची उचल घेऊन झाली, कोयत्यांना धार लागली. दिवाळीच्या आसपास टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे, बेळगाव-बागलकोटकडे हलतील. त्याआधी दारातल्या जीपचं, पिकअपचं, जुन्या कारचं पुढचं काम निघेल. बॉल जॉइंट वाजतोय, टाय रॉड ढिला झालाय, चाकाचं बेअरिंग आवाज करतंय. गॅरेजला नंबर लागत नाही आणि हातात पैसाही नाही. म्हणून तुम्ही पाने मागून आणता आणि स्वतःच कामाला बसता.

जरूर बसा. तुमच्या हातात कसब आहे. एवढंच सांगणं आहे, आणि ते आजच ऐका: शेवटचा नट अंदाजाने आवळू नका. मापाने आवळा.

आवळलेला बोल्ट आतून किंचित लांबतो आणि ताणलेल्या रबरासारखा दोन भाग ओढून धरतो. ताण कमी पडला तर खड्ड्याखड्ड्याला नट सैल होत जातो. जास्त झाला तर आटे खेचले जातात. बोल्ट त्या दिवशी तुटत नाही. तो पुढे कधीतरी तुटतो, भरल्या गाडीत, धारूरच्या घाटात, उतारावर. पुढचं चाक निखळलं की स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखंच. मागच्या सीटवर तुमची आई असते. मांडीवर झोपलेलं लेकरू असतं. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दुसऱ्या कुणाचं अख्खं घर बसलेलं असतं.

म्हणून हिशोब समजून घ्या. बहुतेक छोट्या कारच्या चाकाच्या नटाला साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर जोर लागतो. म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे 10 किलो वजन. फूटभर पान्यावर तोच जोर 33 किलोच्या आसपास जातो. आता आपण काय करतो ते आठवा. पान्यात मीटरभर पाइप घालतो आणि त्यावर उभे राहतो. 60 किलोचा माणूस तिथे उभा राहिला की नटावर जवळजवळ 590 न्यूटन-मीटर पडतात. हव्या त्या जोराच्या पाच-सहापट! कृपा करून तो पाइप बाजूला ठेवा. नट सोडवायला वापरा, आवळायला नको.

जागा बदलली की आकडा बदलतो. ब्रेकच्या कॅलिपरचे बारीक बोल्ट थोड्याच जोरावर बसतात. पुढची चाकं ओढणाऱ्या कारच्या एक्सलचा मोठा नट बहुधा दीडशेच्या वर, कित्येक गाड्यांत दोनशेच्या पुढे जातो. जुन्या जीपच्या पुढच्या हबचं मात्र उलटं आहे. तिथे टेपर बेअरिंग असेल तर चाक फिरवत नट आवळतात, बेअरिंग बसलं की थोडा मागे घेतात, आणि मग लॉक करतात. एका गाडीची रीत दुसरीला लावलीत तर बेअरिंग तापून जळेल, नाहीतर चाक डुलत राहील. तेव्हा आपल्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा. मॅन्युअल नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि एकक तपासा. 100 फूट-पौंड म्हणजे सुमारे 135 न्यूटन-मीटर. ही गफलत महागात पडते.

टाय रॉडच्या खाचांच्या नटात तार किंवा खिळा घालून वेळ मारून नेऊ नका. नवी स्प्लिट पिन काही रुपयांत मिळते. नट मापाने आवळल्यावर खाच जुळली नाही तर किंचित पुढे घ्या, मागे कधीच नको. ठोकून लॉक केलेला एक्सल नट आणि नायलॉनचा नट दर वेळी नवा घाला. चाकाच्या आट्यांना ऑइल-ग्रीस लावू नका. ते लावलं की तेवढ्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. लोअर आर्मचे बुशातले बोल्ट चाकं हवेत असताना शेवटपर्यंत आवळू नका. गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जाऊ नका. दगड-विटांवर भरवसा ठेवू नका. स्टँड लावा.

टॉर्क पाना महाग वाटतो, हे खरं आहे. पण साधा पाना दोन-चार हजारांत येतो. गावाने मिळून एक घ्या. ग्रामपंचायतीत ठेवा, नाहीतर एखाद्या जबाबदार घरी. दसऱ्याला आपण पाने पुजतो, त्यात हा एक वाढवा. गॅरेजवाल्या दादांनो, हंगामापुरता तुमचा पाना शेजाऱ्याला वापरू द्या, पाच मिनिटं उभं राहून दाखवा. आकडा लावायचा, एका लयीत ओढायचं, टक्क झालं की थांबायचं. आणखी एक झटका द्यायचा नाही. काम झालं की पाना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा.

ताई, तुम्हीही विचारा. गाडीत लेकरू चढवण्याआधी विचारा, "नट मापाने आवळले का?" मालक चिडला तरी विचारा. आणि मालकांनो, चिडू नका. तिथल्या तिथे आवळून दाखवा.

निघाल्यावर हात-पाय मोकळे करायला थांबाल, तेव्हा पानाही बाहेर काढा. चाक काढून बसवलं असेल तर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायलाच हवेत. सोलापूरकडे निघालात तर येरमाळ्याला थांबा, चाकं निवू द्या, आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने त्याच आकड्यावर पाहून घ्या. एखादा नट फिरला, त्याच्याभोवती गंजाची रेघ दिसली, किंवा वाटेत स्टिअरिंग थरथरलं असेल, तर पुढे जाऊ नका. माणसं उतरवा. मुकादमाला फोन करा की आज पोचणार नाही. फडावर एक दिवस उशिरा पोचलात तरी चालेल.