पट घरात, पाटी शाळेत

वेरूळच्या २१व्या म्हणजे रामेश्वर लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळत बसले आहेत. २९व्या म्हणजे धुमार लेण्यातही तेच दृश्य आहे आणि १४व्या ‘रावण की खाई’तही. रामेश्वर लेण्याच्या शिल्पकाराने पटाखाली नंदीभोवती गणांचा जो दंगा कोरला आहे, तो पाहिला की डाव कोणाच्या बाजूने झुकला हे सांगावे लागत नाही. ही शिल्पे साधारण सहाव्या-सातव्या शतकातली. पुढे आठव्या शतकात कैलास खोदणाऱ्यांनाही हा विषय सोडवला नाही. देवाच्या घरात फासे पडतात आणि देवी जिंकते, यात त्या काळाला काही वावगे वाटत नव्हते. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणत आणि त्या दिवशी खेळणे हा धर्माचारच होता. कोजागरीच्या रात्रीही फासे चालत. खंडोबाच्या कथेत तर देव सारीपाटात म्हाळसेकडून हरतो आणि बारा वर्षे बाणाईच्या वाड्यावर मेंढरे राखायला जातो. छत्रपती संभाजीनगरच्या साताऱ्यातल्या खंडोबाला जाणाऱ्या घरांना ही गोष्ट नवी नाही.

तरीही मूल फासे घेऊन बसले की आजीच्या कपाळाला आठी पडते. तिचे चुकते असेही नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक अख्खे सूक्त आहे, आणि महाभारत तर एका डावावरच उभे आहे. शकुनी सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच महाभारतातला ऋतुपर्ण मात्र फारसा कोणाला आठवत नाही. फाशांनी राज्य गमावलेला नळ सारथी होऊन ऋतुपर्णाला विदर्भात, कुंडिनपुराकडे नेत असतो. वाटेत बेहड्याचे झाड लागते. राजा रथातूनच सांगतो, की या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २,०९५ फळे आहेत. नळ रथ थांबवतो, फळे मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. मग राजा त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या देतो आणि नळाच्या अंगातला कली बाहेर पडतो. थोडक्यात, फाशांनी बुडालेल्या माणसाला मोजणीने वर काढले. झाडही बेहड्याचेच निवडले आहे. त्या काळी त्याचीच फळे फासे म्हणून टाकत. थोडक्या फांद्यांवरून मोठ्या संख्येचा अंदाज बांधणे आणि फासे कळणे ही एकाच विद्येची दोन अंगे आहेत, हे त्या कथाकाराला उमगले होते. तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या इतिहासावरच्या १९७५ सालच्या पुस्तकात या प्रसंगाची मुद्दाम दखल घेतली. आपण मात्र शकुनीपाशीच थांबलो.

छत्रपती संभाजीनगरच्या प्रदेशाला गणित परके होते असे म्हणायची सोय नाही. गौताळ्याच्या डोंगराची पलीकडची बाजू उतरले की चाळीसगावजवळ पाटणादेवी लागते. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची हकीकत आहे आणि त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने काढलेल्या मठाची नोंद आहे. साल १२०७, राज्य देवगिरीच्या यादवांचे. भास्कराचार्यांचे बीजगणित १६३४च्या सुमारास फारसीत उतरवणारे अताउल्ला हे उस्ताद अहमद लाहोरींचे चिरंजीव आणि बीबी का मकबऱ्याचे वास्तुकार. म्हणजे हे गणित शहराच्या वेशीपर्यंत दोन दिशांनी आले.

‘लीलावती’ ११५० सालची. शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधे अदलाबदल करून किती मूर्ती होतील, असा एक प्रश्न तिच्यात आहे. उत्तर ३६,२८,८००. सहा रसांचे एकेक, दोन-दोन, तीन-तीन करत किती पदार्थ होतील, असा दुसरा. ६, १५, २०, १५, ६ आणि १. आता हीच रीत चार कवड्यांना लावून पाहा. चल्लस-आठ खेळताना चारही पालथ्या पडल्या की आठ, चारही उताण्या पडल्या की चार; एरवी जितक्या उताण्या तितकी घरे. सोळा शक्यतांपैकी आठाची वाट एकच, एकाच्या चार, दोनाच्या सहा, तिनाच्या चार आणि चाराची पुन्हा एक. माजघरात बसून चिंचोके टाकणाऱ्या बायकांना आठ क्वचित पडतो हे अनुभवाने पक्के माहीत होते, आणि मठात बसलेल्या पंडिताला सोळाचे हे पाच वाटे पाडण्याचे सूत्र माहीत होते. दोघांची गाठ पडली नाही. आपल्या ज्ञानपरंपरेचा गौरव करताना या न पडलेल्या गाठीकडेही पाहायला हवे. फ्रान्समध्ये १६५४ साली जुगाऱ्यांचा एक प्रश्न पास्कालकडे गेला, त्याने फर्माला पत्रे लिहिली आणि संभाव्यतेचे शास्त्र जन्माला आले. मोजायची हत्यारे आपल्याकडे पाचशे वर्षे आधी तयार होती. पण माझ्या मते पट हा बायकापोरांचा वेळ घालवायचा धंदा मानला गेला आणि गणित पंचांगकर्त्यांचे व कारकुनांचे. त्यामुळे एकाचा प्रश्न दुसऱ्याच्या कानावर पडायला वावच नव्हता.

पंतोजींच्या शाळेत तर पाढेच पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि सगळ्यांत अवघड औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. औट दाहे पस्तीस. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि आण्या-पैंच्या व्यवहाराबरोबर यांची गरजही उतरणीला लागली. पण सहा बाजूंच्या फाशाची सरासरी काढून बघा: एकवीस भागिले सहा, म्हणजे औट. सोंगट्यांच्या लांबट फाशावर एक, दोन, पाच, सहा ठिपके असत; त्यांची बेरीज चौदा, बाजू चार, सरासरी पुन्हा औट. दहा वेळा फासा टाकला तर सोंगटी पस्तिसाच्या आसपास पोचणार, हे औटकी घोकलेल्या पोराला एका क्षणात कळले असते. पण तसे त्याला कोणी विचारले नाही.

आज दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचे प्रकरण आहे आणि तिथे फासा गुणांसाठी भेटतो. तोवर घरातला खरा फासा बहुधा हरवलेला असतो, कारण ल्युडो मोबाइलवर गेला. मोबाइलवर फासा यंत्र टाकते, घरे यंत्र मोजते आणि सोंगटीही तेच सरकवते. पाच वर्षांच्या मुलाने ‘तीन, चार, पाच’ म्हणत बोटाने घरे मोजायची, हीच या खेळातली कमाई होती. यंत्राने नेमकी तीच काढून घेतली. अमेरिकेत सिगलर आणि रमाणी यांनी २००८ साली गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एका ओळीतल्या आकड्यांच्या पटावर एकूण तासाभरच खेळवले. नऊ आठवड्यांनंतरही त्यांची संख्यांची समज वाढलेली होती. ज्यांच्या पटावर आकड्यांऐवजी रंग होते, त्या मुलांना तो फायदा झाला नाही.

पण खेळाने सगळे साधेल असे म्हणणाऱ्यांनी दिल्लीचा अनुभवही लक्षात ठेवावा. एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ या संस्थेच्या बालवाड्यांत सुमारे दीड हजार मुलांवर प्रयोग केला आणि त्यांतल्या काहींना गणिती खेळ खेळवले. २०१७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की गणिती खेळ खेळलेल्या मुलांचा संख्यांचा अंदाज सुधारला आणि तो वर्षभर टिकला, पण शाळेतल्या लेखी गणितात ती पुढे गेली नाहीत. २०२५च्या ‘नेचर’मधला अभ्यास आणखी बोचरा आहे. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुले भराभर तोंडी हिशेब करतात, तोच हिशेब वहीत मांडून दिला की अडतात. शाळेतल्या मुलांचे नेमके उलट. म्हणजे माजघर आणि मठ यांतली भिंत अजून उभीच आहे, फक्त तिच्या दोन्ही बाजूंना आता मुले बसली आहेत.

म्हणून नुसते फासे विकत आणून भागणार नाही. पटाशेजारी वही हवी. दोन फासे टाकून तीन आणि पाच पडले तर ३५ करायचे की ५३, हे मुलाने ठरवावे, लिहावे आणि शंभराच्या जवळ कोण पोचते ते वजाबाकीने सिद्ध करावे. कवड्या शंभर वेळा टाकून किती उताण्या पडल्या याच्या रेघा ओढाव्यात. कवडी काही नाण्यासारखी निष्पक्ष नसते, त्यामुळे सोळाचा हिशेब थोडा हुकतो, आणि तो का हुकतो यावर घरात चांगली तासभर चर्चा होऊ शकते. पैसे लावू नयेत, हे आजीचे म्हणणे जसेच्या तसे मान्य करावे.

थोड्या मोठ्या मुलांसाठी एका फाशाचा एक खेळ आहे. हव्या तितक्या वेळा टाका आणि बेरीज साठवा. पण एक पडला की त्या पाळीतले सगळे गेले. आधी शंभर गाठणारा जिंकला. थांबायचे कधी? समजा वीस साठले आहेत. पुढच्या सहा शक्यतांपैकी एक शक्यता वीस घालवते. उरलेल्या पाच मिळून दोन अधिक तीन अधिक चार अधिक पाच अधिक सहा, म्हणजे वीसच देतात. विसाच्या आत टाकण्यात फायदा, विसाच्या पुढे तोटा. तिसरीतला मुलगा हे मांडू शकणार नाही, तो हावरेपणाने टाकत राहील. पाचवीतली त्याची बहीण वहीत मांडू शकते. मांडल्यावर ती भावाला ‘थांब’ म्हणून सांगेल याची मात्र खात्री नाही.