ताप कामाचं माप बघून येत नाही

आसेगावच्या शिवारात बाईच्या कामाचं माप हंगामागणिक बदलतं. निंदणाला रोज, सोयाबीनच्या सोंगणीला एकरी उक्ता भाव, कापूस वेचणीला किलोचा भाव. पण आजारी बाईच्या नावावर यातल्या एकाही मापात पैसा नाही. निंदणात रोज बुडतो, वेचणीत किलो कमी भरतात. सोंगणीत तिच्या वाट्याचं काम बाकीच्या बायांवर पडतं. त्यांच्याकडे बघून ती अंगात ताप असताना विळा हातात घेते.

“नोकरीवाल्या बायांचं बरं, त्यांना रजा तरी आहे,” असं आपण म्हणतो. पण तिथेही माप बदलतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास तेच. समजा, आठ तासांच्या पाळीत वर्षाला आठ दिवस आजारपणाची रजा आहे. मालक म्हणेल, हे झाले ६४ तास. बारा तासांच्या पाळीत त्याचे पाच दिवस आणि वर चार तास. गणित चुकलेलं नाही. पण तीन दिवसांचा ताप बारा तासांच्या पाळीत दोन दिवसांत उतरतो का? उलट इतका वेळ उभं राहिलेल्या शरीराला विश्रांती जास्तच लागते. “आठवड्यात तीन दिवस सुटी मिळेल की,” असंही सांगतील. त्या सुटीत स्वयंपाक, पाणी, धुणं कोण करणार?

आजाराला जागाच न ठेवणारं काम कुठवर नेतं, ते बीडमध्ये दिसलं. ऊसतोडीत खाडा पडला की दंड. २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कारणं अनेक होती. खाड्याची धास्ती त्यांतलं एक.

म्हणून आपली मागणी साधी आहे. कामाचे तास बदलोत की पाळी, आजारपणाच्या रजेचे दिवस कमी होता कामा नयेत. आणि मैत्रिणींनो, शेतातही सोंगणीचा उक्ता भाव ठरवतानाच आजारी बाईचा वाटा मालकाकडून ठरवून घेऊ. एकटीने मागितलं तर ती उद्या कामावरून जाईल. गटाने मागितलं तर मालकाला बोलणी करावीच लागतील.