भाकरीशेजारची वाटी

रामलीला मैदानावरचं दसऱ्याचं प्रदर्शन उठलं, सोयाबीनची मळणी उरकली, मोंढ्यात पोत्यांची थप्पी लागली, की हिंगोलीत दिवाळी येते. यंदाच्या आमच्या दिवाळी अंकाचा विषय आहे आहार आणि आरोग्य. तो निवडला आपल्या जिल्ह्याच्या शेतांकडे पाहूनच.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये सांगितलं की, देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीतले आहाराचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आले. भारतीय माणूस आपली ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून घेतो, प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. भाताऐवजी गहू किंवा भरडधान्य घेतलं, पण एकूण पिष्टमय पदार्थ तेवढेच राहिले, तर मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. पाच टक्के ऊर्जा मात्र त्यांच्याऐवजी डाळी-कडधान्यांच्या किंवा दूध-दह्याच्या प्रथिनांतून आली, तर तो कमी दिसला. पाहणीतून संबंध कळतो, कार्यकारणभावाची खात्री पटत नाही, हे खरं. तरी दिशा स्पष्ट आहे. ज्वारीचं महत्त्व आहेच, पण पोळी सोडून दोनाच्या चार भाकरी खाल्ल्या म्हणून साखर आटोक्यात येत नाही. भाकरीशेजारची वाटी मोठी व्हायला हवी.

ती वाटी भरायला आपल्याकडे काय कमी आहे? कळमनुरी-सेनगावच्या शिवारात तूर, मूग, उडीद, हरभरा पिकतो. सोयाबीनच्या दाण्यात तर जवळपास ४० टक्के प्रथिनं. आपण ते मोंढ्यावर घालतो. तेल स्वयंपाकघरात परत येतं आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. पिकवणाऱ्याच्या ताटात मात्र वरण पातळच.

शाकाहार म्हणजे आपोआप आरोग्य, असंही नाही. साबुदाणा, मैदा, साखर हेही वनस्पतींचंच देणं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता आणि मुलांचा अभ्यास केला. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा प्रभाव कमी पडताना दिसला. बी-१२ डाळीत नाही, पालेभाजीत नाही. शाकाहारी घरात त्याची भिस्त दूध-दह्यावर, आणि कमी पडलं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीवर.

आणि हळद? आपल्या जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा अभिमान आम्हालाही आहे. पण हळदीतलं कर्क्युमिन शरीरात फार कमी शोषलं जातं आणि मधुमेहावरच्या औषधाची जागा ते घेऊ शकत नाही. आपल्या पिकाचं कौतुक करताना त्याच्या नावावर खोटं आश्वासन विकू नये, ही जबाबदारी हळदीच्या जिल्ह्यावर सर्वांत आधी येते.

म्हणून या अंकात एकाही चमत्कारी पदार्थाची शिफारस सापडणार नाही. प्रश्न ताटातल्या प्रमाणाचा आहे, आणि तो घरात, अंगणवाडीत, शाळेच्या पोषण आहारात आणि लग्नाच्या पंगतीतही विचारायला हवा. विकण्याआधी घरच्यासाठी डाळीचं एक पोतं बाजूला काढणं हाही आरोग्याचाच निर्णय आहे.

फराळ जरूर करा; पाडव्यापासून उसळ नेमाने शिजू द्या. दीपावलीच्या शुभेच्छा!

— संपादक