शोची ऑर्पिंग्टन की परसातली ऑस्ट्रेलॉर्प? रंगाला भाव देण्याआधी हे पाहा

दहिसर : दहिसरचा चेकनाका ओलांडला की मुंबईची हद्द संपते आणि पुढे वसई, पालघर, वाडा, जव्हारचा पट्टा लागतो. या पट्ट्यातल्या मोबाइलवर हल्ली शोभेच्या कोंबड्यांच्या जाहिराती फिरतात. ब्रह्मा, सिल्की, पोलिश कॅपच्या जोडीला 'ऑर्पिंग्टन'ची पिल्लं आणि उबवणुकीची अंडीही असतात. भाव गावठीच्या कितीतरी पट. हौसेला मोल नाही, हे खरं. पण बचत गटाच्या पैशातून धंदा म्हणून पिल्लं घेणाऱ्यांनी आधी विचारायला हवं, हा भाव नेमका कशाचा?

याचं उत्तर या जातीच्या इतिहासातच आहे. विल्यम कुक यांनी 1886 मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यातील ऑर्पिंग्टन गावात मिनॉर्का, लँगशॅन आणि प्लायमाउथ रॉक यांच्या संकरातून ही काळी कोंबडी तयार केली. हेतू साधा होता, अंडीही हवीत आणि मांसही. पुढे प्रदर्शनवाल्यांनी भरगच्च पिसं आणि गोलाईवर निवड केली. पक्षी देखणा झाला, अंडी मागे पडली. ऑस्ट्रेलियात गेलेल्या काळ्या ऑर्पिंग्टनची निवड मात्र अंड्यांवर झाली. त्यातूनच ऑस्ट्रेलॉर्प तयार झाली. 1922-23 मध्ये तिथल्या सहा कोंबड्यांनी 365 दिवसांत 1857 अंडी दिली. आपल्याकडे परसातील कुक्कुटपालनात दिसणारी 'ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प' ती हीच. मूळ एकच, पण निवड बदलली आणि कोंबड्या दोन झाल्या.

शोचे निकष कडक असतात. अमेरिकन मानकात काळा, पांढरा, बफ म्हणजे सोनेरी आणि निळा असे चारच रंग मान्य आहेत. पूर्ण वाढलेला नर साधारण साडेचार किलोचा आणि मादी साडेतीन किलोच्या वर लागते.

रंगाचं गणितही समजून घ्यावं लागतं. निळा नर आणि निळी मादी लावली तरी सगळी पिल्लं निळी होत नाहीत. साधारण निम्मी निळी, पाव काळी आणि पाव फिकट शिंतोड्यांची निघतात. सगळी निळी हवी असतील तर काळ्याला शिंतोड्यांचा जोडीदार द्यावा लागतो. त्यामुळे निळ्या जोडीच्या अंड्यांतून 'सगळी निळीच निघणार' अशी हमी कुणी दिली, तर तिथेच सावध व्हावं. बफ रंग उन्हात फिका पडतो. दाट पिसांमुळे फलन कमी होतं, म्हणून जाणकार मागची पिसं कातरतात. शिवाय कोकणातला उकाडा या पक्ष्याला मानवत नाही.

खरी अडचण पुढे आहे. कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था असील, कडकनाथसारख्या देशी जातींची नोंद करते. ऑर्पिंग्टन परदेशी, त्यामुळे ती या नोंदीत बसत नाही. गावात ना परीक्षक, ना वंशावळ. मग 'शुद्ध' हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडचाच राहतो.

धोका रोगाचाही आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली इथे बर्ड फ्लू आढळला होता. बाहेरून आणलेला पक्षी थेट खुराड्यात सोडणं म्हणजे घरच्या कोंबड्याही पणाला लावणं. तीन-चार आठवडे तो वेगळा ठेवलाच पाहिजे.

उत्पन्नच हवं असेल तर वाट जवळ आहे. दहिसरहून चर्चगेटकडे चौथं स्थानक गोरेगाव. तिथे आरे वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. परसातल्या पक्ष्यांची पिल्लं आणि प्रशिक्षण हेच तिचं काम. राष्ट्रीय पशुधन अभियानात किमान 1000 पैदाशीच्या पक्ष्यांच्या ग्रामीण प्रकल्पाला 50 टक्के, कमाल 25 लाख रुपयांचं अनुदान आहे. पण त्यासाठी कमी खर्चात तगणारे पक्षी लागतात, शोचे नव्हे.

हौस म्हणून ऑर्पिंग्टन जरूर पाळावी. घेताना आई-बाप प्रत्यक्ष पाहावेत, लसीकरण विचारावं आणि वर्षाला अंडी किती, हे लिहून मागावं. लिहून द्यायला विक्रेता कचरला, तर तो भाव पिसांचाच समजायचा.