विश्लेषण : ‘दमास्कस’ सुरीवरची नक्षी खरी की छापील?

ऑनलाइन बाजारात लाटांसारखी नक्षी असलेल्या सुऱ्या ‘दमास्कस’ या नावाने विकल्या जातात. काहींची नक्षी पोलादातूनच आलेली असते, तर काहींवर ती साध्या स्टीलवर लेसरने उमटवलेली असते. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. प्रश्न ग्राहकाच्या पैशांचा आहे आणि कारागिराच्या मेहनतीचाही.

खरी नक्षी येते कुठून?
कारागीर दोन प्रकारच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचतो, भट्टीत तापवतो आणि घणाखाली एकजीव करतो. मग तो ठोकळा पुन्हा पुन्हा दुमडतो. सुरुवातीचे ७ थर ५ वेळा दुमडले की २२४ होतात. १०८४ आणि १५एन२० ही या कामातली लोकप्रिय जोडी. १५एन२० मध्ये सुमारे २ टक्के निकेल असते.

ॲसिड काय करते?
घासून गुळगुळीत केलेल्या पात्यावर हे थर जेमतेम दिसतात. त्यामुळे उष्णता प्रक्रियेनंतर पाते बारीक पॉलिश पेपरने घासतात आणि ॲसिटोनने पुसतात. बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी तिथे डाग उमटतो. मग पाते पाणी घालून सौम्य केलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये काही मिनिटे बुडवतात. इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी सर्किट बोर्डवरचे तांबे काढायला वापरतात, तेच हे रसायन. साधे पोलाद झिजून काळे पडते, निकेलवाले चकाकत राहते. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारतात, वरची काजळी घासून काढतात आणि तेलाचा हात फिरवतात. काळा रंग गडद व्हावा म्हणून काही जण पाते कडक इन्स्टंट कॉफीत तासन् तास ठेवतात.

मग ओळखायचे कसे?
पात्याची पाठ बघा. खऱ्या पात्यात थर एका बाजूकडून पाठीवरून दुसऱ्या बाजूला जातात. मात्र पाठ चकचकीत घासलेली असेल तर ते पुसट दिसतात. धारेजवळ नक्षी नसलेली पट्टी दिसली म्हणून घाबरू नका. आतला गाभा एकाच पोलादाचा ठेवण्याची पद्धत आहे. वापराने खरी नक्षी फिकी पडली तर पुन्हा ॲसिड देऊन ती वर आणता येते. लेसरची नक्षी घासली की गेलीच.

माझे मत काय?
नक्षीमुळे सुरी जास्त कापत नाही. धार टिकते ती योग्य पोलाद आणि नीट केलेल्या उष्णता प्रक्रियेमुळे. त्यामुळे लेसरची सुरी स्वस्तात घेण्यात गैर काही नाही. गैर आहे ते तिला दमास्कस म्हणून विकणे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तरतूद आहेच. ‘थरांचे पोलाद’ की ‘लेसर नक्षी’, एवढे दोन शब्द विक्रेत्याने वर्णनात लिहायला हवेत, आणि पोलादाचे नावही.

हे आपल्यासाठी दूरचे प्रकरण नाही. जुन्या दमास्कस तलवारी ज्या वूट्झ पोलादाच्या होत्या, ते दक्षिण भारतात मुशीत तयार होई. तेलंगणातले कोनसमुद्रम हे त्याचे एक नावाजलेले केंद्र. त्या पोलादात थर दुमडलेले नसत, नक्षी आतल्या कार्बाइडच्या रांगांमुळे येई. ज्या नावामागे एवढी विद्या आहे, ते छापील नक्षीला फुकट का द्यावे?