अर्धावभेदक : आधी गोळ्यांची मोजदाद

अर्धावभेदकाचा रुग्ण आला की आपली लेखणी सवयीने पथ्यादि क्वाथ, शिरःशूलादिवज्र रस आणि नस्यासाठी अणुतैल यांकडे वळते. त्यात गैर काहीच नाही. परंतु त्याआधी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : महिन्यातून किती दिवस वेदनाशामक गोळी घेता?

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात या व्याधीचा वेग दहा दिवसांनी, पंधरवड्याने वा अकस्मात येतो, असे सांगितले आहे. मग ‘डोके रोजच दुखते’ असे सांगणाऱ्या रुग्णाची ही रोजची वेदना कोठून आली? आधुनिक निकषांनुसार साधी वेदनाशामके महिन्यातून 15 वा अधिक दिवस, ट्रिप्टान वा संयुक्त गोळ्या 10 वा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास औषधच शिरःशूलाचे कारण होऊ शकते. निदानपरिवर्जन हे आपल्या चिकित्सेचे पहिले सूत्र आहे. येथे निदान ती गोळीच असेल, तर तिच्यावर आणखी एक औषध चढवून काय साधणार?

म्हणून रुग्णास नोंदवही ठेवण्यास सांगावे : वेगाचा दिवस, निद्रा, उपवास, वेगावरोध आणि घेतलेली गोळी. गोळ्या वैद्यकीय देखरेखीखालीच कमी कराव्यात. आरंभी वेदना वाढते, याची कल्पना आधीच द्यावी. औषधविक्रेत्या बंधूंनीही तीच गोळी वारंवार नेणाऱ्यास, थोडा नफा सोडून, वैद्यांकडे पाठवावे. अचानक उद्भवलेला अतितीव्र शूल, ज्वरासह मान ताठरणे वा अंगाची एक बाजू लुळी पडणे, अशी लक्षणे दिसताच मात्र रुग्णालय गाठावे.

वैद्यबंधूंनी याचा अवश्य विचार करावा, ही विनंती.